जिंकलेल्या संघाचा अस्त

आमच्या डोणगांवीं फुटबॉलपेक्षां कबड्डीचें कौतुक अधिक. तरीहि आज एका फुटबॉल-संघाची कथा वाचकांपुढें ठेवितों. हरून बुडालेले संघ पुष्कळ. जिंकूनहि बुडालेला विरळा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा त्यांतला. 1962 सालीं एका कंपनीच्या आश्रयानें तो जन्मला. 2003 व 2005 सालीं त्यानें फेडरेशन चषक मिळविला; डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं 2005-06 ची राष्ट्रीय लीगहि जिंकली; आणि 2010 मध्यें तो मोडण्यांत आला. यापुढें लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे द्यावयाचें, असें चालकांनीं सांगितलें. हेतु वाईट नव्हता. मास्तर म्हणून मला तर तो गोडच वाटावा! पण तयार झालेल्या मुलानें पुढें खेळावयाचें कोठें?

खरा दोष रचनेंतच होता. एकत्र कुटुंबांतला कर्ताहि वडिलार्जित वाडा मोडण्यापूर्वीं भाऊबंदांस विचारतो. येथें विचारावयाचें कोणास? संघ कंपनीचा, निर्णयहि कंपनीचा. कलकत्त्याचा मोहन बागान क्लब 1889 पासून उभा आहे. भांडणें तेथेंहि थोडीं नाहींत; परंतु भांडावयास सभासद तरी आहेत. मुंबईच्या खेळाडूंना मात्र हंगाम संपतांच दुसरीं दारें शोधावीं लागलीं.