कोरी दिसणारी डिस्क कोरी असतेच असं नाही

जुनं चित्रण, नवी सोय : लेखांक ४

गेल्या आठवड्यात कॅसेटवरच्या कॅमेऱ्यांचा विषय संपवला. आज पाळी छोट्या डीव्हीडीची. हिताचीने २००० साली डीव्हीडीवर चित्रण करणारा पहिला घरगुती कॅमेरा बाजारात आणला, २००३ मध्ये सोनीही त्यात उतरली आणि पुढची सहा-सात वर्षं हे कॅमेरे घरोघरी दिसू लागले. शहाड-मोहने पट्ट्यातही कुणी दुबईहून आणवला, कुणी मुंबईत घेतला. घरचं बारसं, धाकट्याची मुंज, सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त होणाऱ्या वडिलांचा निरोप समारंभ, सगळं या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर गेलं. आज ती डिस्क प्लेअरमध्ये घातली की ‘नो डिस्क’ येतं आणि घरातले म्हणतात, ‘गेली वाटतं!’

बहुतेक वेळा ती गेलेली नसते, अर्धवट राहिलेली असते.

आधी डिस्कचा प्रकार ओळखा. मधल्या भोकाभोवती किंवा वरच्या बाजूला बारीक अक्षरं असतात, ती चष्मा लावून वाचा. ‘डीव्हीडी-आर’ म्हणजे एकदाच लिहिता येणारी. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो. लेझरने तो जिथे बदलला तिथे पुन्हा लिहिता येत नाही. ‘डीव्हीडी-आरडब्ल्यू’ आणि ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू’ पुसून साधारण हजार वेळा वापरता येतात. ‘डीव्हीडी-रॅम’ लाखभर वेळा लिहिता येते, पण साधे प्लेअर तिला सहसा ओळखतच नाहीत. एका थराच्या छोट्या डिस्कवर १.४ जीबी मावतं, म्हणजे उत्तम दर्जाचं वीसेक मिनिटं, मध्यम दर्जाचं अर्धा तास आणि हलक्या दर्जाचं तासभर चित्रण. म्हणूनच एका लग्नाच्या पाच-सहा डिस्क निघतात.

आता मुख्य मुद्दा: फायनलाइज करणं. कॅमेरा चित्रण करत जातो, पण कुठला प्रसंग डिस्कवर कुठे आहे याची पक्की अनुक्रमणिका शेवटी लिहावी लागते. ती लिहिली नाही तर कॅमेऱ्याला सगळं दिसतं, दुसऱ्या प्लेअरला काहीच दिसत नाही. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूच्या बाबतीत हे काम मुद्दाम करावं लागतं. डीव्हीडी+आरडब्ल्यू बऱ्याच प्लेअरवर त्याविना चालते, रॅमला ते लागतच नाही. समारंभाच्या धांदलीत डिस्क भरली, काढली, दुसरी घातली. फायनलाइज करायचं राहून गेलं, ते राहिलंच.

डिस्कवर काही आहे की नाही हे डोळ्यांनीही कळतं. ट्यूबलाइटखाली ती तिरकी धरा. लेझर आतून बाहेर लिहीत जातो, त्यामुळे लिहिलेल्या भागाची छटा जिथे संपते तिथे गोल सीमारेषा दिसते. विशेषतः डीव्हीडी-आरवर ती स्पष्ट असते. रेषा दिसली की डिस्क कोरी नाही, हे नक्की.

इथे एक सापळा आहे. अशी डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली तर तो तिला कोरी समजतो आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो. ‘हो’ दाबू नका. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर ते दाबलं तर मुंज पुसली जाईल. गाडीतल्या किंवा लॅपटॉपच्या, डिस्क आत ओढून घेणाऱ्या खाचेतही ती घालू नका, अडकून बसते. बाहेर येणाऱ्या ट्रेमध्ये छोट्या डिस्कसाठी वेगळी खोलगट जागा असते, तिथेच ठेवा.

उपाय सोपा आहे. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केलं, त्यातच डिस्क घाला. बॅटरीच्या भरवशावर राहू नका, अॅडॅप्टर लावा आणि मेनूतून फायनलाइज निवडा. डिस्कवर थोडंच चित्रण असेल तर उलट जास्त वेळ लागतो, कारण उरलेली जागा ठरावीक हद्दीपर्यंत भरावी लागते. तोवर कॅमेरा हलवू नका, वायर काढू नका. मग कॉम्प्युटरवर ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर दिसेल, ते पूर्ण उतरवून घ्या. आरडब्ल्यू डिस्क ‘व्हीआर’ पद्धतीने भरली असेल तर फोल्डरचं नाव वेगळं असेल, तेही उतरवा.

उल्हास नदीच्या काठची माणसं २६ जुलै २००५ विसरलेली नाहीत. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क कॅसेटपेक्षा चिवट निघते. लिहिण्याचा थर दोन प्लॅस्टिक चकत्यांच्या मध्ये असतो. चिखल स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

डिस्क टिकतात, कॅमेरे बंद पडतात, आणि ते दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होताहेत. तेव्हा माळ्यावरचा कॅमेरा भंगारवाल्याला देण्याआधी घरातली प्रत्येक डिस्क त्यात एकदा घालून बघा. फायनलाइज न केलेली एकही उरली असेल, तर तो कॅमेरा अजून विकू नका.