सी प्रोग्राममधील रंगीत मजकूर : टर्मिनलची भूमिका

सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत रंगाची तरतूद नाही. टर्बो सीमधील 'टेक्स्टकलर' हे फंक्शन भाषेचा भाग नसल्याने त्यावर आधारलेले प्रोग्राम लिनक्सवरील जीसीसीमध्ये चालत नाहीत. वस्तुतः रंग देण्याचे कार्य टर्मिनल करते. १९७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एक्मा-४८ मानकाच्या परंपरेनुसार 'प्रिंटएफ'द्वारे एस्केप वर्ण (ऑक्टल ०३३), उघडणारा चौकटी कंस, ३१ ही संख्या व लहान लिपीतील 'एम' क्रमाने पाठविल्यास पुढील मजकूर तांबडा दिसतो. ३१ ऐवजी ० दिल्यास तो पूर्ववत होतो. मात्र आउटपुट फाईलमध्ये वळविल्यास हेच संकेत मजकुरात मिसळतात. म्हणून 'इज-ए-टीटीवाय' या फंक्शनने आधी खातरजमा करणे आवश्यक ठरते. प्रात्यक्षिकात भाषा व टर्मिनल यांतील हा भेद स्पष्ट केल्यास विद्यार्थ्याचे ज्ञान एका कंपायलरपुरते सीमित राहत नाही.