समुद्र लांब, प्लेट जवळ

मुंबईच्या सीएसएमटीपासून रेल्वेने अंबरनाथ 60 किलोमीटर, बदलापूर 68. तरी संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या, अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनांजवळच्या आगरी-मालवणी खानावळीत शिरा. तव्यावर मासळी चुरचुरत असतेच. स्पेनमध्ये ग्लासाबरोबर छोट्या छोट्या बशा मागवून गप्पा मारत खातात, त्याला तापस म्हणतात. आपल्याकडे चौघांत चार प्लेटी मधोमध ठेवतात आणि कोणाची कुठली हे विचारत नाहीत. खरी मजा त्यातच आहे. थाळी मागवणारा एकच मासा खातो, प्लेटी मागवणारा अख्खा बाजार फिरून येतो.

सुरुवात बोंबलानेच करावी. त्याच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी! म्हणून तो चिरून, काटा काढून वजनाखाली दाबावा लागतो. ही मेहनत टाळली की तव्यावर पाणी सुटतं आणि कुरकुरीत आवरणाचा लगदा होतो. खानावळ कशी आहे हे ताडायचं असेल, तर बोंबील फ्राय मागवा. 1997 मध्ये युरोपियन युनियनने भारतीय मासळीची आयात रोखली, तेव्हा सुक्या बोंबलासाठी ब्रिटनमधले शौकीन कासावीस झाले होते.

मांदेली स्वस्त, म्हणून दुर्लक्षित. फार वाईट वाटतं. तिच्या पोटाकडच्या बाजूला मोत्यांसारख्या ठिपक्यांच्या रांगा असतात, ते प्रकाश देणारे अवयव आहेत. कडक तळली की काट्यासकट खाता येते.

कोळंबी कोळीवाडा मात्र मूळची कोळ्यांच्या चुलीवरची नाही. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात येऊन राहिलेल्या पंजाबी निर्वासितांनी बेसन, ओवा आणि लाल तिखट लावून ती तळली आणि वस्तीचं नाव पदार्थाला चिकटलं. उल्हासनगरही त्याच फाळणीतून उभं राहिलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नामकरण झालं. उल्हासनगरच्या टेबलावर ही कोळंबी आली, की दोन निर्वासित वस्त्या एकाच प्लेटीत भेटतात.

सिंधी माणसाचा लाडका मासा पल्लो, म्हणजे बंगाल्यांचा इलिश. सिंधींचं दैवत झूलेलाल याच माशावर विराजमान असतात. समुद्रातला पल्लो अंडी घालायला सिंधू नदीत प्रवाहाविरुद्ध चढतो. तो सक्करच्या झिंदा पीरच्या दर्शनाला निघालेला असतो, अशी जुनी श्रद्धा. पुढे 1932 मध्ये सक्करला आणि 1955 मध्ये कोटरीला बंधारे झाले आणि त्याची वाट अडली. ज्यांची नदी सुटली त्यांचा मासाही तिकडे अडकला, हे मला फार लागतं.

आता खाडीकडे वळू. आगरी घरांत मानाचा जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठेपणी मादी होतो. निवटी चिखलावर चक्क चालते, अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेते. गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, तव्यावर परतून मिळत असेल तर आधी ती सांगून ठेवा. उशीर केला की संपते.

बदलापूरची एक चैन म्हणजे वलगण. पहिल्या जोरदार पावसात नदी-ओढ्यांतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात आणि आसपासच्या गावांत धावपळ उडते. पण अंड्यांनी भरलेली मासळी सरसकट धरली, तर पुढच्या वर्षी काय चढणार? थोडी सोडावी, असं मला मनापासून वाटतं.

पापलेट सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मान मोठा, भावही मोठा; चौघांत एक पुरे. सोबत सोलकढी हवीच.

पावसाळ्यात मात्र या प्लेटींचा जोर ओसरतो. 1 जूनपासून समुद्रात मासेमारी बंदी, जुलै-ऑगस्टात सिंधी घरांत चाळीस दिवसांचं चालिहो व्रत, मराठी घरांत श्रावण. श्रावण लागण्याआधी गटारीला खानावळीत पाय ठेवायला जागा नसते. बंदी उठते, नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, होड्या पुन्हा भरून येऊ लागतात. श्रावण संपला, की त्या आठवड्यात कोळंबी मागवा, ताजी असते.