प्रोसेसर मंदावतो, तेव्हा तो बिघडलेलाच असतो का?

संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर बंगळूरच्या व्हाइटफील्डमधून गाडी काढायची म्हणजे संयमाची परीक्षाच! स्पीडोमीटरवर आकडे दोनशेपर्यंत असतात, पण काटा विसाच्या पुढे सरकेल तर शपथ. तरीही त्यावरून शोरूममध्ये जाऊन कुणी भांडत नाही. कॉम्प्युटरचं मात्र वेगळं. खोक्यावर ‘३ गिगाहर्ट्झ’ छापलेलं असतं आणि पडद्यावर दिसतात जेमतेम १.२. लगेच मनात येतं, दुकानदारानं फसवलं!

खरं तर या कोड्याचं उत्तर व्हाइटफील्डच्याच नावाशी जोडलेलं आहे. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेलं हे गाव विसाव्या शतकाच्या अखेरीस कॉम्प्युटरवाल्यांचं झालं. पुढे इंटेल कंपनीच्या बंगळूरमधल्या इंजिनिअरांनी चार कोअरचा एक प्रोसेसर आखायला घेतला. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. त्या प्रकल्पाचं नाव होतं ‘व्हाइटफील्ड’. २००५ साली तो गुंडाळला गेला. पण बंगळूरची मंडळी खचली नाहीत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा ‘डनिंग्टन’ हा सहा कोअरचा प्रोसेसर बाजारात आला. त्यात तब्बल १९० कोटी ट्रान्झिस्टर होते.

गंमत पुढेच आहे. डनिंग्टनचा सर्वांत वेगवान प्रकार २.६६ गिगाहर्ट्झवर धावायचा आणि त्याची वीज-उष्णतेची मर्यादा होती १३० वॉट. दुसराही प्रकार सहाच कोअरचा, पण २.१३ गिगाहर्ट्झचा. त्याची मर्यादा किती? फक्त ६५ वॉट! म्हणजे वेग एक-पंचमांशानं उतरला आणि विजेची मर्यादा थेट निम्म्यावर आली.

असं का होतं? १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. विजेचा खर्च ठोक्यांच्या प्रमाणात वाढतोच, पण व्होल्टेज दुप्पट केलं तर तो चौपट होतो. आणि प्रोसेसरनं खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. वेगाचा हव्यास म्हणूनच महागात पडतो.

हा धडा कंपन्यांनाही ठेच लागूनच मिळाला. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचा ज्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता, तो पेंटियम १९९३ साली आला तेव्हा त्याचा वेग होता ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. वीज लागायची साधारण १५ वॉट. मग शर्यतच लागली. २००४ च्या अखेरीस पेंटियम-४ पोहोचला ३.८ गिगाहर्ट्झवर, पण उष्णतेची मर्यादा गेली ११५ वॉटवर. ठरलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ त्याच वर्षी रद्द करावा लागला. अति तिथे माती, दुसरं काय!

तेव्हापासून कोअर वाढवायचे आणि गरजेपुरतंच धावायचं, हे धोरण पक्कं झालं. त्याची सुरुवात लॅपटॉपमध्ये आधीच झाली होती. जानेवारी २००० मध्ये आलेला एक पेंटियम-३ घरच्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झनं चालायचा, पण प्लग काढून बॅटरीवर घेतला की आपणहून ५०० वर यायचा.

तेव्हा आकडा कमी दिसला तर आधी एवढंच पाहा, कॉम्प्युटर काही काम करतोय का? नुसतं पत्र उघडून ठेवलं असेल तर प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. एखादं जड काम द्या. आकडा चढला, तर काळजीचं कारण नाही.

जड कामातही तो चढत नसेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्या. आजचे बरेचसे प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग उतरवतात. पंख्यात साचलेली धूळ, प्रोसेसरवर लावलेली पण सुकून गेलेली पेस्ट, किंवा गादीवर ठेवल्यानं हवेची वाट बंद झालेला लॅपटॉप, ही नेहमीची कारणं. खोलीतली हवाही महत्त्वाची, कारण पंखा तीच आत ओढतो. थंड हवेच्या बंगळूरमध्येही २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला होता. मग नागपूर-जळगावच्या उन्हाळ्याचं काय सांगावं!

दुसरा संशय विजेवर. लॅपटॉप ‘वीज वाचवा’ या सेटिंगवर अडकलेला असतो, किंवा मूळ चार्जर हरवल्यावर आणलेला स्वस्त चार्जर पुरेशी वीज देत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक कारण सापडतं. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की मशीन तारीख विसरतं आणि कधीकधी प्रोसेसरचा वेगही! रोज सकाळी तारीख चुकत असेल, तर आधी ती किरकोळ किमतीची बॅटरी बदला.

फसवणूक कधीच होत नाही, असं मात्र नाही. १९९० च्या दशकात कमी वेगाच्या चिपवर जास्त आकडा छापून विकण्याचे प्रकार घडले होते. आज मेख असते ती जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दात. मोठा आकडा थोड्या वेळापुरत्या उसळीचा असतो, सतत टिकणारा वेग त्याहून कमी. खरेदी करताना दोन्ही आकडे विचारा.

घरची साफसफाईही बेतानं करा. मशीन बंद करून प्लग काढा, पंख्याची पाती बोटानं धरा आणि मगच हलकेच हवा मारा. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका. वेग वाढतो म्हणून उष्णतेची मर्यादा काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका.

मुलांच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर मंदावला म्हणून नव्यासाठी हजारो रुपये मोजण्याआधी एवढी तपासणी जरूर करावी. गर्दीत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या ड्रायव्हरला कुणी नालायक म्हणत नाही. प्रोसेसरचंही तसंच आहे. तो सावकाश चालतो, ते बहुतेक वेळा स्वतःचा जीव आणि तुमचं वीजबिल वाचवण्यासाठीच!