वासरांचा खुराक आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

पेंड, सरकी, चुणी आणि भुसा यांचा व्यापार आपल्या समाजातील पुष्कळ घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. दुभत्या जनावरास काय मानवते, हे या व्यापाऱ्यांस उत्तम कळते. परंतु गिऱ्हाइकाने वासरासाठी खुराक मागितला असता बहुधा गाईचाच माल थोडा कमी तोलून दिला जातो. हे योग्य नव्हे. कारण वासराचे पोट म्हणजे गाईच्या पोटाची लहान प्रतिकृती नव्हे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. नवजात वासरात त्यांपैकी चौथा, म्हणजे जठर, एवढाच कार्यक्षम असतो. दूध चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, न जाता थेट जठराकडे वाहते. चारा आंबविणारे सूक्ष्म जीव कोठीपोटात वसून ते नीट कामास लागेपर्यंत सुमारे तीन महिने जातात.

यास्तव वासराचा पहिला पूरक आहार बाजारात मिळत नाही. तो मातेचा चीक होय. रोगप्रतिकारक द्रव्ये वासरास चिकातूनच लाभतात, आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याचा मार्ग सुमारे २४ तासांत बंद होतो. पहिला चीक जन्मानंतर एक-दोन तासांतच पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच किलो चीक पोटात जावा. खरवसाचा विचार त्यानंतर!

दुसऱ्या आठवड्यापासून दुधासोबत मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, चांगली भुईमूग पेंड, थोडे क्षारमिश्रण, कोवळे वाळलेले गवत व स्वच्छ पाणी ठेवावे. धान्य आंबून निर्माण होणाऱ्या आम्लांनीच कोठीपोटाचे अस्तर वाढीस लागते.

विक्रेत्याने तीन गोष्टींविषयी सावध असावे. सरकीत गॉसिपॉल नामक विषारी द्रव्य असते. मोठी गाय ते बऱ्याच अंशी पचविते, कोवळे वासरू पचवू शकत नाही. युरियायुक्त खाद्यही वासरास घातक होय. तिसरी गोष्ट बुरशी. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी भुईमुगाच्या दूषित पेंडीने मेले आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. हे विष वासरांचे यकृत बिघडविते. ओल लागलेली पेंड उन्हात वाळविली तरी ते नाहीसे होत नाही. म्हणून पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

हगवण लागलेले वासरू मुख्यतः अंगातील पाणी व क्षार गेल्याने दगावते. अशा वेळी पाचक चूर्णाची पुडी विकून मोकळे न होता, दूध न तोडता मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास सांगावे आणि पशुवैद्याकडे धाडावे.

क्षारमिश्रणातील डायकॅल्शियम फॉस्फेट हाडांपासून तसेच खनिज दगडापासूनही तयार होते. आपण कोणते विकतो, याची चौकशी श्रावकाने अवश्य करावी.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध आणि अचौर्यव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, गणली आहे. वासराचा चीक तोडणे हा पहिला दोष. बुरशीची पेंड चांगल्या पेंडीत मिसळणे हा दुसरा. मुके वासरू तक्रार घेऊन दुकानाच्या पायरीशी येत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब आपण स्वतः चोख ठेविला पाहिजे.