पाच लाखांचे कवच आणि पॅकेजचा दर
शेतकरी-आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपैकी एक म्हणून धाराशिवमधील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यालाही सातबाऱ्याच्या आधारे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळत आला, आणि 2023 च्या निर्णयाने ती सर्व कुटुंबांना खुली होऊन वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. खासगी डॉक्टरांचा आक्षेप मात्र या मर्यादेवर नसून ‘पॅकेज’वर, म्हणजे खाट, औषधे, तपासण्या, जेवण, इतकेच काय, रुग्णाचे परतीचे भाडेही ज्यात बसवावे लागते त्या ठरीव रकमेवर आहे. ती तुटपुंजी असून उशिरा हाती पडते, हे त्यांचे गाऱ्हाणे रास्तच आहे. पण योजनेतील रुग्णाकडून वर पैसे मागणे त्याने समर्थनीय ठरत नाही. छोट्या दवाखान्याला हा हिशेब झेपला नाही, की रुग्ण सोलापूर किंवा लातूर गाठतो.