गाठीपेक्षा हृदयासाठी

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे केमोथेरपीचे औषध कर्करोगाच्या पेशींतील डीएनएला चिकटून त्यांचे विभाजन थांबवते. मात्र ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करते आणि ही इजा प्रत्येक डोसबरोबर साचत जाते, म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात ते किती द्यायचे याला मर्यादा आहे. हेच औषध १०० नॅनोमीटरहूनही लहान मेदपुटिकेत, म्हणजे लायपोसोममध्ये भरण्याचे काम इस्रायलमध्ये बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी केले. पुटिकेत आधी अमोनियम सल्फेट ठेवले की औषध आपोआप आत ओढले जाते आणि तिथेच त्याचे स्फटिक होतात. वरून पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे आवरण दिले की शरीराच्या भक्षक पेशींना ती लवकर सापडत नाही. फार सुरेख रचना आहे ही! १९९५ मध्ये ‘डॉक्सिल’ या नावाने तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुंबईच्या सन फार्माने त्याच धर्तीवर ‘लिपोडॉक्स’ बनवले. पुढे अमेरिकेतच डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लिपोडॉक्सच्या आयातीला तात्पुरती परवानगी दिली.

या पुटिका नेम धरून गाठीवर जातात, असे सर्रास सांगितले जाते. त्यामागे १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलेले निरीक्षण आहे: गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. पण टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के निघाले. मग हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर गाठीत शोधू नये, हृदयात शोधावे. शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ५०९ रुग्णांवरची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. साधे डॉक्सोरुबिसिन आणि पुटिकांतले, अशा दोन्ही औषधांनी रोग जवळपास सारखाच आवरला, आयुर्मानही सारखेच राहिले. पण साध्या औषधात हृदयाच्या इजेचा धोका तिपटीहून जास्त होता. पुटिकांतले औषध कमी मात्रेत दिले होते म्हणून असे झाले, ही शंकाही टिकत नाही, कारण एकूण मात्रा वाढत गेली तरी हा फरक कायम राहिला.

याची किंमत रुग्ण मोजतोच. त्याच चाचणीत हातापायांचे तळवे लाल होऊन सोलवटण्याचा त्रास पुटिकांच्या औषधाने ४८ टक्के रुग्णांना झाला, साध्या औषधाने फक्त २ टक्क्यांना. शिवाय ते बरेच महाग पडते. म्हणून हृदय धडधाकट असलेल्या आणि मोजकेच डोस लागणाऱ्या रुग्णाला केवळ ‘नॅनो’ नावापायी ते देणे मला पटत नाही. वय झालेल्या, हृदय अधू असलेल्या किंवा डॉक्सोरुबिसिनच्या गटातले औषध आधीच बरेच घेतलेल्या रुग्णासाठी मात्र ते मोलाचे आहे.

आमच्या नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, कर्करोग रुग्णालयेही आहेत. नवा नॅनोकण घडवणाऱ्या इथल्या संशोधकांना एकच विनंती आहे: गाठीत किती औषध पोचले हे मोजाच, पण हृदयात, यकृतात आणि त्वचेत किती गेले तेही त्याच तक्त्यात लिहा.